उजवी बॅग, सायलेन्सर आणि नानांची घोंगडी: प्रकल्प नोंदी

१५ डिसेंबर २०२४, रविवार, रात्री

काल दत्तजयंती झाली आणि आज आम्ही सारंगखेड्याची यात्रा उरकून आलो. घोडे बघितले, गोडीशेव खाल्ली, नानांसाठी घोंगडी घेतली आणि येताना बॅग जाळून घेतली.

झालं असं की माझी गाडी दोनशे सीसीची, तिचा सायलेन्सर उजवीकडून वर चढत मागे जातो, खड्ड्यात पाण्यात घालायला एकदम भारी, पण सीटवर आडवी टाकायची जी जोडबॅग असते तिची उजवी बाजू बरोब्बर त्याच्यावरच लोंबते. दोन वर्षं काही झालं नव्हतं कारण उजव्या बॅगेत मी हलकंच सामान ठेवायचो. आज तिथे घोंगडी कोंबली, बॅग भोपळ्यासारखी फुगली आणि आतल्या बाजूने सायलेन्सरला टेकली. वरून तापीच्या पुलाच्या अलीकडे गर्दी, पाऊण तास पहिला गिअर, दुसरा गिअर, थांब, परत पहिला. वास येत होता पण मला वाटलं कुठेतरी टायर जाळताय, थंडी आहे म्हणून. मागून एक घोडेवाला चालत येत होता तो ओरडला, "ओ दादा, तुन्ही थैली जयी राहिनी!" उतरून बघतो तर धूर. रेनकव्हर सायलेन्सरला चिकटून त्याची काळी साय झालेली. पाण्याची बाटली ओतली. घोडेवाल्याने माझ्याकडे बघितलं, त्याच्या घोड्याच्या पाठीवरच्या खुर्जीकडे, म्हणजे दोन्हीकडे लोंबणाऱ्या जोडथैलीकडे बघितलं आणि म्हणे, "घोडाले सायलेन्सर नही ऱ्हास, बरं शे."

हे वाक्य आता वर्षभर डोक्यात राहणार.

१७ डिसेंबर

काल शाळा होती म्हणून आज सावकाश बॅग उघडून बसलो. काय काय गेलं ते लिहून ठेवतो, कारण यातच बरंच काही कळलं.

रेनकव्हर पूर्ण गेलं. बॅगेला तळहाताएवढं भोक, कडा कडक काचेसारख्या. आतली प्लॅस्टिकची पिशवी वितळून विंडचीटरला चिकटली, विंडचीटरची बाही पण गेली. पॉवर बँक त्याच बॅगेत होती पण नशीब वरच्या खिशात होती, लिथियमची बॅटरी साठ डिग्रीच्या पुढे तापवायची नसते म्हणतात आणि मी ती चुलीवर ठेवून फिरत होतो. आणि घोंगडी? घोंगडीचा एक कोपरा करपला, बस. केस जळाल्यासारखा वास, हाताने चोळलं तर काळा भुगा पडला, खाली लोकर शाबूत. सगळ्यात स्वस्तातली आणि सगळ्यात जुन्या पद्धतीची वस्तू तीच वाचली.

यात जादू काही नाही. पीव्हीसीचा लेप ऐंशी डिग्रीच्या आसपासच मऊ पडायला लागतो, आपली साधी पिशवी पॉलिथिनची, ती एकशे दहाच्या आसपास वितळते, नायलॉन सव्वादोनशेच्या आगेमागे, पॉलिस्टर अडीचशेच्या पुढे. लोकर वितळतच नाही, करपते. म्हणजे बॅगेवर किती डेनियरचं कापड लिहिलंय त्याने काही फरक पडत नाही, डेनियर म्हणजे नऊ हजार मीटर धाग्याचं ग्रॅममध्ये वजन, धागा जाड आहे एवढंच ते सांगतं, जाड धागा वितळायला थोडा उशीर लावेल पण वितळेल त्याच तापमानाला. मी दुकानात हजार डेनियर सोळाशे डेनियर करत बसलो होतो. आतला लेप मात्र पीव्हीसीचाच.

सायलेन्सर साफ करायला संध्याकाळ गेली. इंजिन तीन-चार मिनिटं चालू ठेवून बंद केलं, कोमट झाल्यावर बांबूच्या कामटीने खरवडलं, मोठा थर निघाला. उरलेलं पितळी ब्रशने. शेवटचा डाग पूर्ण थंड झाल्यावर नेलपेंट रिमूव्हरने, आणि हे गरम सायलेन्सरवर कुणी करू नका, ॲसिटोन आहे ते, पेट घेईल. खरवडताना वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभं राहायचं, पीव्हीसीच्या धुराने डोळे आणि घसा धरतो.

नाना घोंगडी बघून काही बोलले नाहीत. नुसता करपलेला कोपरा बोटाने चाचपला.

२२ डिसेंबर

ठरवलं की आधी मोजायचं. मी सातवीच्या पोरांना वहन, अभिसरण, प्रारण, म्हणजे उष्णता टेकून, हवेतून आणि किरणांनी कशी जाते ते शिकवतो, तीन आकृत्या फळ्यावर काढतो, आणि स्वतःच्या गाडीवर तिन्ही विसरलो.

फ्रीज-एसी दुरुस्त करणारा एक मित्र आहे, त्याच्याकडून न टेकता तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन आणली. अमळनेरहून पारोळ्याकडे जाऊन परत आलो, गाडी चांगली तापली, गन रोखली तर सायलेन्सर ७८ डिग्री. मला आनंद झाला. मग सहज दोन थेंब पाणी टाकलं तर छर्र करून उडालं. ७८ ला पाणी असं उडत नाही.

इथे अर्धा तास डोकं खाजवलं मग लक्षात आलं. ही गन वस्तूतून बाहेर पडणारं प्रारण मोजते आणि समोरची वस्तू ०.९५ उत्सर्जकतेची, म्हणजे जवळपास पूर्ण प्रारण सोडणारी आहे असं धरून चालते. काळी, मॅट, रंगवलेली वस्तू साधारण तशी असते. चकचकीत स्टील प्रारण फार कमी सोडतं आणि समोरचं आकाश-भिंत परावर्तित करतं, मग गन भलतंच सांगते. उपाय सोपा, सायलेन्सरला मारायचा उष्णता सोसणारा काळा स्प्रे मिळतो त्याचे एक रुपयाच्या नाण्याएवढे तीन ठिपके मारले, एकदा तापवून वाळू दिले, आणि ठिपक्यावरच गन धरायची.

मग खरे आकडे आले. बेंडच्या, म्हणजे इंजिनातून येणाऱ्या वाकड्या पाईपच्या मागे लगेच २९०, मधोमध १९५, शेपटाकडे १५०. आणि वर कंपनीची जी जाळीदार गार्ड आहे तिच्यावर ठिपका मारून ८५. मागे बसणाऱ्याच्या पायाला चटका बसू नये म्हणून ती दिलेली असते, बॅग टेकवायला नाही.

२९ डिसेंबर

घाईचा उपाय केला आणि तोंडावर पडलो. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चार घड्या करून बॅगेच्या आतल्या बाजूला चिकटवली. मंगरूळपर्यंतसुद्धा टिकली नाही, घासून चिंध्या. चकचकीत पत्रा प्रारण परतवतो ते खरं पण तो सायलेन्सरला टेकला की प्रारणाचा प्रश्नच संपला, सरळ वहन सुरू, आणि ॲल्युमिनियमइतकं उष्णता वाहून नेणारं स्वस्तात दुसरं काय आहे.

५ जानेवारी २०२५

गॅरेजवर सगळ्यांचं एकच मत, "भाऊ, पट्टी गुंडाळ." ती काचतंतूची एक्झॉस्ट पट्टी. मागवली, भिजवली, गुंडाळली, दोन दिवस हाताला खाज. पहिल्या दिवशी धूर निघतो तो निघाला. बाहेरून तापमान कमी झालं हे मान्य, पण ती पट्टी खरं म्हणजे बेंडपाईपसाठी आहे, मागच्या डब्याला गुंडाळून तो गाठोड्यासारखा दिसतो. आणि गाडी धुतली की पट्टी पाणी धरून बसते, आतून पाईप गंजतो. एका जुन्या गाडीची पट्टी मिस्त्रीने मलाच सोडून दाखवली, आतला पाईप पापुद्रे पापुद्रे. तोच मिस्त्री मग म्हणे ॲस्बेस्टॉसची दोरी पडलीय जुनी, ती देऊ का. नको म्हटलं, ते तंतू फुफ्फुसात गेले तर बॅग परवडली. पट्टी काढून टाकली.

१२ जानेवारी

आज खरं काम. वेल्डिंगवाल्या काकांकडे गेलो, त्यांच्या दुकानात ट्रॅक्टरच्या पाट्या, बैलगाडीचं साहित्य, खिडक्यांच्या जाळ्या असा पसारा असतो. त्यांना सांगितलं की सायलेन्सरच्या बाहेरून एक कमान पाहिजे जिच्यावर बॅग टेकेल. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, काही विचारलं नाही, बिडी पेटवली आणि दहा एमएमची सळई वाकवायला घेतली.

दोन गोष्टींवर आमची थोडी वादावादी झाली. ते म्हणे सायलेन्सरलाच क्लिप मारून दोन लेग उभे करू, सोपं पडतं. मी नाही म्हटलं, सायलेन्सर तापून लांबतो, थरथरतो, आणि क्लिपमधून उष्णता सरळ सळईत येईल. कमान फ्रेमलाच पाहिजे, एक पाय मागच्या फूटरेस्टच्या बोल्टवर आणि दुसरा सीटमागच्या पकडायच्या रॉडच्या बोल्टवर. दुसरं, त्यांनी कमान सायलेन्सरपासून दोन बोटं ठेवली होती. मी बॅगेत बारा किलोची गव्हाची पिशवी घालून मुद्दाम बरोबर नेली होती, ती लटकवून गाडी हलवली तर बॅग तीन-चार सेंटीमीटर आत येते. मग चार बोटं केली. रिकामी बॅग लावून माप घेतलं असतं तर परत जळाली असती.

काकांनी टोकं गोल घासून दिली न सांगता. म्हणे बाईमाणूस मागे बसतं, साडी अडकते. हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. साडेचारशे रुपये.

१९ जानेवारी

मल्टीमीटरला जोडून तापमान मोजायची के टाईप थर्मोकपलची तार मिळाली, ती गनपेक्षा बरी, बॅगेच्या आतल्या कापडाला चिकटवून टाकली आणि मीटर टाकीच्या बॅगेत. हवा आज २४ डिग्री.

नुसती कमान, पत्रा नाही:
साठच्या स्पीडने चालत असताना बॅगेचं कापड ५२. ठीक.
रेल्वे फाटकावर थांबलो, सुरत लाईनची मालगाडी, तिच्यामागे अजून एक, इंजिन चालूच ठेवलं मुद्दाम. एक मिनिटाला ६०, तीन मिनिटाला ७७, सहा मिनिटाला ८८.

आणि गंमत ही की त्याच वेळात सायलेन्सर थंड होत होता. मधला ठिपका १९५ वरून १७० वर आला. सायलेन्सर उतरतोय आणि बॅग चढतेय. चालत्या गाडीत वारा दोघांच्या मधली गरम हवा सतत काढून नेतो आणि कापडालाही थंड करतो, थांबलात की वारा गेला, गरम हवा बॅगेखाली अडकून बसते आणि प्रारण चालूच. म्हणजे माझी बॅग सारंगखेड्याला जळाली ती गाडी फार पळवली म्हणून नाही, पळवली नाही म्हणून. आणि ते सुद्धा डिसेंबरच्या थंडीत. सगळे मला "उन्हाळ्यात जपून भो" सांगत होते.

८८ म्हणजे पीव्हीसी लेप चिकट होणार. टेकणं थांबलं, तापणं नाही. पत्रा लागणारच.

२ फेब्रुवारी

आजची नोंद थोडक्यात कारण लाज वाटते. दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्याकडे चकचकीत ॲल्युमिनियमच्या शीटचे तुकडे फुकट मिळाले, हलके, सरळ, कात्रीने कापले जातात. कमानीला बांधले. चाळीस किलोमीटरनंतर पत्र्याचं पोट सुटलं आणि मधून पांढरट काहीतरी लोणी बाहेर. एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) होतं ते, बाहेर दोन्ही बाजूंनी कागदासारखा ॲल्युमिनियम आणि मध्ये चक्क पॉलिथिन. मी बॅगेचं प्लॅस्टिक वाचवायला अजून प्लॅस्टिक लावलं होतं.

९ फेब्रुवारी

घरात पंधरा किलोच्या तेलाचा रिकामा डबा होता. अमळनेरात तेलाच्या डब्याला काय तोटा, विप्रोची सुरुवातच इथली, १९४५ साली वनस्पती तुपाच्या कारखान्यातून. डबा कापला, चकाकणारी बाजू सायलेन्सरकडे. दिसायला फर्स्टक्लास. पण तो म्हणजे लोखंडी पत्र्यावर कथलाचा मुलामा, कथील २३२ डिग्रीला वितळतं. बेंडच्या बाजूचा भाग आठवड्यात मंद पडला, चकाकी गेली, आणि कापलेल्या कडेला गंज. बॅगेच्या मधल्या भागासाठी चाललं असतं पण अर्धवट काम नको.

शेवटी स्लायडिंग खिडक्या बनवणाऱ्याकडून अठरा गेजचा खरा ॲल्युमिनियम पत्रा घेतला, १८० रुपये, चुंबक आणि करवत लावून खात्री केली, एकदा पोपट झाला की माणूस प्रत्येक पत्र्याची कड बघतो.

आता बसवायचं कसं हा मुद्दा. पत्रा सरळ सळईला बोल्ट केला तर सळई तापते आणि सळईवर बॅग. म्हणून पत्रा सायलेन्सरच्या बाजूला, सळईपासून वीस एमएम पुढे, मध्ये स्टेनलेस स्टीलचे बुश, म्हणजे पोकळ नळीचे तुकडे. स्टेनलेस मुद्दाम, ते ॲल्युमिनियमच्या मानाने दहा-पंधरा पटीने कमी उष्णता वाहतं. चारच बुश, जास्त लावले की तेवढेच जास्त पूल. आणि वर-खाली पूर्ण उघडं ठेवलं. काकांचा आग्रह होता की वरून झाकण देऊ, धूळ नको जायला. धूळ जाऊ दे म्हटलं, तिथून गरम हवा वर निघून गेली पाहिजे, चुलीला धुराडं असतं तसं. झाकण दिलं की तंदूर.

तर आता सायलेन्सर, मग हवा, मग पत्रा, मग हवा, मग सळई आणि बॅग. दोन हवा आणि एक पत्रा. पैसे पत्र्याला लागले पण काम हवाच करते, वीस एमएम रिकामी जागा बाजारात विकत मिळत नाही म्हणून कुणी सुचवत नाही बहुतेक.

मोजलं, हवा २६: चालताना बॅग ३३, इंजिन चालू ठेवून सहा मिनिटं थांबल्यावर ४९. त्याच फाटकावर. फाटकवाला आता ओळखायला लागलाय, आज विचारलं, "काय करी राहिना तू रोज?"

१६ फेब्रुवारी

शेजारच्या पोराने सांगितलं काका मॅट ब्लॅक करा, लुक येईल. केला. सहा मिनिटांनी ४९ च्या जागी ६३. अर्थात येणारच, काळा पत्रा सायलेन्सरकडून येणारं प्रारण गिळतो आणि पाठीमागून बॅगेवर सोडतो, चकचकीत पत्रा पुढून परतवतो आणि मागूनही कमी सोडतो. दोन्ही बाजू चकचकीत पाहिजेत. मीच पोरांना काळा-पांढरा डबा उन्हात ठेवायचा प्रयोग देतो दरवर्षी. थिनरने रंग काढला, अर्धा दिवस गेला. बाहेरून सळई काळी केली, लुकची हौस तिथे.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र

खरी परीक्षा तोरणमाळला. पहाटे निघालो, मी आणि शाळेतला एक सर मागे, दोन्ही बॅगा भरलेल्या. शहादा सोडल्यावर सातपुडा दिसायला लागतो आणि मग सातपायरी घाट, वळणावर वळण, आज यात्रेची गर्दी, जीपा, ट्रॅक्टर, पायी चालणारी माणसं मध्य प्रदेशकडची, गुजरातकडची. दुसऱ्या गिअरच्या वर गाडी जातच नव्हती. माझ्या कामासाठी याच्यापेक्षा वाईट, म्हणजे चांगलं, काय मिळणार होतं.

बॅग घाटात जास्तीत जास्त ५७. हवा तेव्हा ३१ होती. वर पोहोचल्यावर यशवंत तलावाकडे गाडी लावली, इंजिन बंद केलं तर अजून तीन डिग्री चढली आणि मग उतरत गेली. गोरखनाथाचं दर्शन झालं, सरांनी विचारलं काय मागितलं, म्हटलं साठच्या खाली राहू दे.

उतरताना खडखड सुरू झाली. पुढच्या दोन बुशचे नट सैल. मी सगळीकडे नायलॉक नट लावले होते, थरथरीत सुटू नयेत म्हणून, आणि बेंडजवळ आतलं नायलॉनचं कडं उष्णतेने मऊ होऊन पकड गेली. नायलॉनची बॅग वाचवताना नायलॉन परत आडवं आलं. तारेने बांधून आणली घरापर्यंत.

अजून एक दिसलं. बॅगेच्या मागच्या खालच्या कोपऱ्यावर काजळी. सायलेन्सरचं तोंड किंचित बाहेरच्या बाजूला आहे, गरम वायू सरळ त्या कोपऱ्यावर फुंकर मारतो. टेकण्याची भीती, प्रारणाची भीती, आणि ही तिसरी, तीही पत्र्यापलीकडून.

९ मार्च

दुरुस्त्या एका दमात. पुढच्या दोन ठिकाणी साधे नट आणि स्प्रिंग वॉशर, वर दुसरा नट लॉकला. मागचे दोन नायलॉक तसेच, तिथे तेवढी उष्णता नाही. पत्र्याला मागे सहा सेंटीमीटरचा तुकडा रिव्हेट करून वाढवला, थोडा बाहेर वाकवून, वायू बॅगेच्या खालून निघून जावा म्हणून.

बॅगेचं भोक बुजवायचं राहिलं होतं. सीटकव्हरवाल्याकडे रेक्झिनचा तुकडा लावून मिळाला असता पण रेक्झिन म्हणजे परत पीव्हीसी. मला घोंगडी आठवली. नानांकडे गेलो, ते ओट्यावर बसलेले, म्हटलं तो करपलेला कोपरा असाही वाया गेलाय, वीतभर पट्टी देता का. बराच वेळ काही नाही. मग स्वतःच कात्री आणून सरळ रेषेत कापून दिली, आणि आईला म्हणे उरलेल्या कडेला गोट मार.

पट्टी दुहेरी करून भोकावर आतून शिवली, बाहेरून जाड सुती कॅनव्हास, शिवण सुती दोऱ्याने, नायलॉन दोऱ्याने नाही. सीटकव्हरवाला हसत होता, ॲडव्हेंचर बॅगेला घोंगडीचं ठिगळ. कसर लागू नये म्हणून आत कडुनिंबाचा पाला ठेवलाय, बघू.

सामान भरायची पद्धतही बदलली. जड वस्तू डावीकडे, उजवीकडे हलकं आणि न फुगणारं. सायलेन्सरकडच्या बाजूला सुती टॉवेल. पॉवर बँक, डिओ, गॅस लायटर असलं काही उजवीकडे अजिबात नाही. नव्या रेनकव्हरच्या लोंबत्या दोऱ्या कापून टाकल्या, जुन्याच्या त्याच पहिल्या चिकटल्या होत्या.

२८ एप्रिल २०२५, सोमवार

परवा आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया. ताईला घ्यायला शहाद्याला गेलो, मुराळी म्हणून, म्हणजे बहिणीला माहेरी न्यायला आलेला भाऊ. ताई आणि भाची एसटीने निघाल्या, ताईने सरळ सांगितलं तुझ्या त्या प्रयोगशाळेवर मी बसणार नाही, सामान घेऊन जा. सामान म्हणजे दोन्ही बॅगा गच्च, साड्या, भाचीची पुस्तकं, सासूबाईंनी दिलेलं काय काय.

थर्मोकपलची तार मार्चमध्येच तुटली होती, म्हणून दोन मेणबत्त्या घेतल्या, एकाच पाकिटातल्या, एक उजव्या बॅगेत आतल्या बाजूच्या खिशात उभी, एक डाव्या बॅगेत तशीच. मेण पन्नास-साठच्या मध्ये वितळतं, त्याच्या आधीच वाकायला लागतं, गरिबाचा थर्मामीटर.

दहाला शहादा सोडलं, मोबाईल चाळीसच्या वर दाखवत होता. सारंगखेड्याच्या पुलावर आज चिटपाखरू नव्हतं, पण मुद्दाम पुलाच्या अलीकडे थांबलो, तीच जागा, इंजिन चालू ठेवून दहा मिनिटं. एक म्हातारे बाबा सावलीतून ओरडले की गाडी बंद कर रे, पेट्रोल फुकट शे का. मग दोंडाईचा, शिंदखेडा करत एकपर्यंत घरी.

उजवी मेणबत्ती धनुष्यासारखी वाकलेली. वाईट वाटलं. मग डावी काढली तर ती पार दुमडून खिशाला चिकटलेली. डावीकडे सायलेन्सर नाही, पाईप नाही, काही नाही. पण बहुतेक वाटेत ऊन डाव्या बाजूने होतं आणि बॅग काळी. उजवी सावलीत होती आणि तिला सायलेन्सरचा ताप होता, तरी ती कमी वाकली. कापड कुठे चिकट नाही, ठिगळ जसंच्या तसं, मागच्या कोपऱ्यावर नवीन काजळी नाही, चारही नट घट्ट.

म्हणजे आता काम डाव्या बॅगेचं. पांढरं सुती कव्हर शिवायचं, बाजारातलं पांढरं कव्हर पॉलिस्टरचं असतं ते नको. नानांचं एक जुनं धोतर कपाटात पडून आहे ते मागायला गेलो. त्यांनी धोतर काढून दिलं, वरून अंगातल्या सदऱ्याचं बटण सोडत म्हणे, "हाऊ बी लई जाय," हाही घेऊन जा.